बिनबोटी हातमोज्याची कुळकथा

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात, धान आठवतं, जाणकाराला करवतकाठी टसर आठवतं. लोकरीचं नाव कुणी घेत नाही, आणि त्यात नवल नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे धावतो, त्या मुलखात लोकर विणत कोण बसेल? पण पूर्वेच्या जंगलपट्ट्यात पौषातली पहाट चांगलीच बोचते. मग बाजारात भाजीवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या हातात एक वस्तू दिसू लागते. तळहात आणि मनगट झाकलेलं, अंगठ्याला वाट ठेवलेली, बोटं उघडी. लोकरीचा बिनबोटी हातमोजा. तो घालून सुटे पैसे मोजता येतात, पोत्याची सुतळी सोडता येते, तंबाखूही मळता येते.

या हातमोज्याचं कूळ माझ्या हिशेबाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये जन्मलेल्या एका जर्मन बाईपर्यंत जातं. ऐकणारे आधी हसतात. मधले दुवे सांगतो. काही पक्के आहेत, काही मी माझ्या हिमतीवर जोडले आहेत. कुठले कुठले, तेही सांगतो.

पहिला दुवा घरचाच. 1972 साली तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तिचं नाव नॉर्ग्येलिंग. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव तालुक्याबरोबर वसाहतही तिकडे गेली. तिबेटी कारभारात मात्र ती अजून 'भंडारा' याच नावाने ओळखली जाते. इथले लोक पावसाळ्यात धान करतात आणि हिवाळ्यात गाठोडी बांधून शहरोशहरी लोकरीचे कपडे विकायला बसतात. आज त्या गाठोड्यातला बहुतेक माल लुधियान्याच्या यंत्रांवर विणलेला असतो, हे खरं. पण गिऱ्हाईक नसताना मालामागे बसून सुया चालवणारी एखादी आजी दिसतेच, आणि तिच्या हातात बहुधा मोजा, टोपी नाहीतर हातमोजा असतो. स्वेटर यंत्राने ओढून नेला. हाताशी उरल्या त्या किरकोळ वस्तू.

आता प्रतिपक्ष. तो दुबळा नाही.

एक पक्ष म्हणतो, 'मोजा' हा शब्दच फारसी, तेव्हा विद्याही मुसलमानी अमलातच आली. हे पटत नाही. फारसीत मोजा म्हणजे बूट, चामड्याचा. शब्द पायातून हातात आला, एवढंच त्यावरून ठरतं. त्यासाठी लोकरीचा एक टाकाही पडायची गरज नव्हती. विणकामाचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडतात, निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे. तिथून स्पेन, मग सगळा युरोप, 1589 मध्ये विल्यम ली याचं मोजे विणायचं यंत्र. ही वाट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात वैनगंगेचं खोरं कुठे येत नाही.

दुसरा पक्ष स्कॉटिश मिशनचा, आणि हा खरा तगडा. स्टीफन हिस्लॉप 1845 च्या सुमारास नागपूरला आला. स्कॉटिश मिशनने पुढे भंडाऱ्यालाही ठाणं केलं. स्कॉटलंड म्हणजे विणकामाचं माहेरघर, आणि मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम असायचंच. या पक्षाच्या हाती एक पुरावा असा आहे की तो मी कधी खोडू शकलेलो नाही. आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात. आठ नंबरची सुई जाड, दहाची बारीक, बाराची आणखी बारीक. हे नंबर इंग्रजांच्या तारेच्या जाडीच्या मापावरून आले. तार ओढत ओढत बारीक करायची, म्हणून नंबर वाढत जातो. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. युरोपात इतरत्र सुया सरळ मिलिमीटरमध्ये विकल्या जातात. शिवाय आपल्या बहुतेक बायका विणताना धागा उजव्या हातात धरतात, तीही इंग्रजी ढब. जर्मन बाई तो डाव्या बोटावर घेते. म्हणजे सुई इंग्रजांची, हाताचं वळण इंग्रजांचं. मग जर्मन बाईला मध्ये का आणायचं?

माझं उत्तर असं. झबलं, टोपडं, बाळाचे पायमोजे हे सगळं इंग्रजी वळणाचं विणकाम आहे, मान्य. ते मिशनच्या आणि सरकारी शाळांतून, पुढे मासिकांतल्या नमुन्यांवरून मराठी घरांत आलं. पण ते पाळण्यापाशी थांबलं. कामकऱ्याच्या हातात ते गेलं नाही. इथली स्थानिक लोकर राठ, ती घोंगडीला जायची. मऊ लोकर विकत आणायची, तर ती बारशापुरतीच. शाळेत शिकलेली मुलगी सासरी गेली की पहिल्या बाळंतपणानंतर तिच्या सुया ट्रंकेत जात असणार, असा माझा तर्क आहे. दूधवाल्याचा हातमोजा त्या ट्रंकेतून निघालेला नाही. तो गाठोड्यातून आला.

तिबेट्यांकडे तो आला कुठून, हा पुढचा प्रश्न. थंड मुलखातले लोक म्हणजे हातमोजे पूर्वापार असतील, असं वाटतं. तसं नाही. तिबेटी अंगरख्याच्या, छुबाच्या, बाह्या हातापेक्षा लांब असतात. थंडी वाजली की हात आत ओढून घ्यायचे. ज्याच्या बाहीतच हातमोजा आहे, तो वेगळा कशाला करील? त्यांची जुनी लोकरविद्या सूत काढायची, मागावर विणायची, नमदा लाटायची. सुयांवरचं विणकाम त्यांना हिमालयाच्या अलीकडच्या उतारावर भेटलं.

आणि तिथे ती बाई उभी आहे.

1850 च्या दशकात मोरेव्हियन पंथाचे दोन जर्मन मिशनरी, हायडे आणि पागेल, मंगोलियाला जायला निघाले होते. पुढची वाट बंद झाली आणि ते लाहौलमध्ये केलाँगला स्थिरावले. 1859 मध्ये मिशननेच ठरवलेल्या लग्नासाठी मारिया हार्टमान तिथे आली आणि मारिया हायडे झाली. मिशनरी आई-बापांच्या पोटी 1837 साली ती सुरिनाममध्ये जन्मली होती. विषुववृत्ताजवळ जन्मलेल्या या बाईने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं दहा हजार फुटांवर काढली. केलाँगचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने खिंड बंद, माणसं घरात, हात रिकामे. लाहौली बायका सूत काढत होत्या, सुयांवर विणत नव्हत्या. मारियाने विणकामाची शाळा काढली. तिच्याच मिशनातल्या येश्के याने तिबेटी भाषेचा कोश केला, आणि तो 1881 साली छापला गेला. त्याचं नाव आजही अभ्यासकांच्या तोंडी आहे. मारियाच्या शाळेचं नाव कोश चाळणाऱ्यांना ठाऊक नसतं. पण लाहौलच्या रंगीत नक्षीच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि कोशापेक्षा मोजे जास्त घरांत पोचले आहेत.

आता माझा हिमतीचा सांधा. 1959 नंतर हजारो तिबेटी निर्वासित भारतात उतरले आणि सरकारने त्यांना डोंगरातल्या रस्त्यांच्या कामावर लावलं. कुलू, चंबा, लाहौल-स्पीती. खडी फोडायची, तंबूत राहायचं, काम सरकलं की तंबू सरकवायचा. छुबाची लांब बाही घणाच्या आड येते. ती कमरेला गुंडाळावी तर हात उघडे पडतात. आजूबाजूला लाहौली आणि कुलूच्या बायका मोजे विणत बसलेल्या. घणाचा दांडा धरणाऱ्याला तळहात झाकलेला हवा, पण खडी वेचणाऱ्या बाईला बोटं मोकळी हवीत. बिनबोटी हातमोजा तिबेटी हातांत शिरला तो याच रस्त्यांवर, असं माझं ठाम मत आहे. लेखी पुरावा नाही. खडी फोडणाऱ्या बायकांनी रोजनिशी लिहिली नाही.

इथे दार्जिलिंगवाले आडवे येतात. 2 ऑक्टोबर 1959 रोजी दार्जिलिंगला तिबेटी निर्वासितांचं स्वावलंबन केंद्र सुरू झालं. गालिचे, लोकरकाम सगळं तिथे होतं. ते म्हणतात, विणकाम तिथून सगळ्या वसाहतींत गेलं, केलाँगचा संबंध नाही. त्यांना माझ्याकडे एक गमतीचं उत्तर आहे. 1898 मध्ये केलाँग सोडल्यावर हायडे दांपत्य गेलं कुठे? दार्जिलिंगला लागून असलेल्या घूमला. शरच्चंद्र दास यांचा 1902 चा तिबेटी-इंग्रजी कोश तपासणाऱ्यांत हायडेचं नाव आहे. म्हणजे त्या वाटेवरही बाई आधीच पोचलेली! यात मी थोडं ताणतो आहे, हे मलाही कळतं. दार्जिलिंगला इंग्रज मडमांची काय कमी होती?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात बिनबोटी जाळीदार हातमोजे ही घरंदाज बायकांची चैन होती, हेही प्रतिपक्ष सांगतो. असेल. पण दिवाणखान्यातल्या रेशमी जाळीत आणि खडीच्या ढिगावरच्या जाड लोकरीत बोटं उघडी असण्यापलीकडे साम्य नाही. पियानो वाजवायला बोटं लागतात, तशी खडी वेचायलाही लागतात. एकाच गरजेतून दोन ठिकाणी एकच वस्तू निघू शकते.

वस्तू हातात घेऊन बघण्यासारखी आहे. सोपी रीत दोन सुयांची. दहा नंबरच्या सुयांवर चाळीस टाके घालायचे. दोन इंच एक सुलट, एक उलट अशी पट्टी, म्हणजे मनगटाला घट्ट बसते. मग तळहाताच्या उंचीपर्यंत सुलट ओळ, उलट ओळ. शेवटी बोटांच्या मुळाशी पुन्हा थोडी पट्टी आणि टाके बंद. चौकोनी तुकडा तयार होतो. तो दुमडून कडेने शिवायचा आणि शिवताना मध्ये दीड-दोन इंच जागा सोडून द्यायची, अंगठा तिथून बाहेर. दुसरी रीत चार सुयांची. टाके तीन सुयांवर वाटून चौथीने गोल गोल विणत जायचं. शिवण येत नाही. अंगठ्यापाशी काही टाके वेगळ्या दोऱ्यावर ठेवून पुढे निघायचं आणि मागाहून ते उचलून अंगठ्याची नळी विणायची. ही मोज्याची रीत आहे, टाचेऐवजी अंगठा. बाजारात हातमोजा उलटा करून शिवण शोधायची सवय मला लागली ती यामुळे. शिवण नसली की मी लाहौलच्या खात्यात मांडतो. स्कॉटिश पक्ष लगेच म्हणतो, आमच्याकडेही मोजे चार सुयांवरच होतात. तेही बरोबर आहे.

मग मी माझा शेवटचा मुद्दा काढतो, आणि तो टाक्यांचा नाही. आमच्या जिल्ह्यात विणण्याची विद्या कमी नव्हती. भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनी इथल्या कोष्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला. करवतीच्या दातांसारखा काठ मागावर काढणाऱ्या बोटांना चाळीस टाक्यांचा हातमोजा काय अवघड होता? तरी त्यांनी सुया उचलल्या नाहीत. मागाला जमीन लागते. जुना माग तर घराच्या भुईत खड्डा खणूनच बसवलेला, विणकर त्यात पाय सोडून बसायचा. ताणा पसरायला अंगण हवं, ओळखीचा सावकार हवा, टसरचे कोसे आणून देणारा ढिवर हवा. एवढं सगळं जागच्या जागी असलेल्या माणसाला दोन काड्यांचं विणकाम पोरखेळ वाटणार. ते लागतं ज्याची भुईच सुटली आहे त्याला. सुया आणि गुंडा गाठोड्यात मावतात, अर्धा हातमोजा सुईवर ठेवून पुढच्या तळावर पूर्ण करता येतो.

आता साखळी पुन्हा बघा. मोरेव्हियन लोक मुळात मोराव्हियातून धर्मापायी परागंदा झालेले. 1722 मध्ये सॅक्सनीतल्या एका सरदाराच्या जमिनीवर त्यांनी हेर्नहूट वसवलं. मारिया त्यांच्यातली. तिची विद्या लाहौलमार्गे ज्यांनी घेतली, ते तिबेटी परागंदा. ज्या लुधियान्याने पुढे त्यांचा स्वेटर यंत्रावर चढवला, त्या शहराच्या लोकरधंद्याचा पाया घातला 1833 च्या दुष्काळात काश्मीर सोडून आलेल्या शालवाल्यांनी. माझ्या कुळकथेचं सार एवढंच की ही विद्या घर सुटलेल्यांकडून घर सुटलेल्यांकडे गेली. स्कॉटिश मिशनच्या पक्षाला सुईचा नंबर समजावता येतो. कोष्ट्याच्या जिल्ह्यात सुया गोठणगावलाच का रुजल्या, हे मात्र त्यांना समजावता येत नाही.

करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, लाहौलच्या मोज्या-हातमोज्यांनाही आहे. दोन्ही रास्त आहेत, कारण दोन्ही वस्तूंना सांगायला मुलूख आहे. गोठणगावच्या आजीने विणलेल्या हातमोज्यासाठी असा अर्ज कुणी केलाच, तर मुलखाच्या रकान्यात एक नाव पुरणार नाही. हेर्नहूट, केलाँग, गोठणगाव असं ओळीने लिहावं लागेल, आणि जिल्ह्यापाशी 'भंडारा' लिहायचं की 'गोंदिया', यावर आमच्याकडे पुन्हा एकदा वाद होईल. त्या वादात मी भंडाऱ्याच्या बाजूने असेन.