गुप्त किल्ली (ऑथेंटिकेटर ॲपमधील)
ऑथेंटिकेटर ॲपमध्ये साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलणारा, बहुधा सहा अंकी कोड ज्या गुप्त संख्येपासून तयार होतो ती. खाते जोडताना सर्व्हर ती यादृच्छिकपणे निर्माण करून क्यूआर कोडमधून फोनला देतो. पुढे दोन्हीकडे ही किल्ली आणि १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांना ३० ने भागून आलेला पूर्णांक एचमॅक या गणिती प्रक्रियेतून जातात; म्हणून इंटरनेट नसतानाही कोड जुळतो, फोनचे घड्याळ फार चुकले तर मात्र नाही. ही रीत २०११ च्या आरएफसी ६२३८ या तांत्रिक दस्तऐवजात मांडली आहे. तिची खरी उणीव म्हणजे पासवर्डप्रमाणे केवळ हॅश (ज्यावरून मूळ मजकूर काढता येत नाही असा ठसा) साठवून भागत नाही, सर्व्हरलाही मूळ किल्लीच लागते. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ज्याच्या हाती, त्यालाही तेच कोड काढता येतात.