नदीकाठचे मातीचे डोंगर: चंद्रपूरच्या इरई नदीचं आणि वाघांचं काय होतंय?

चंद्रपूरहून मोहर्लीमार्गे ताडोबाला गेला असाल, तर दुर्गापूर-पद्मापूर परिसरातले उंच, सपाट माथ्याचे डोंगर तुम्ही पाहिले असतील. हे डोंगर नैसर्गिक नाहीत. कोळसा काढताना उपसलेल्या माती-दगडांचे ते ढिगारे आहेत. शेजारून इरई नदी वाहते आणि थोड्या अंतरावर वाघांचं जंगल सुरू होतं.

ओव्हरबर्डन म्हणजे काय?

चंद्रपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) अनेक खुल्या खाणी आहेत. खुल्या खाणीत कोळशाच्या थरावरची सगळी माती आणि खडक आधी काढावा लागतो. त्याला ओव्हरबर्डन म्हणतात. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर माती उपसावी लागते. खाण जितकी खोल जाते, तितकी ही माती वाढते आणि ती टाकायला नवी जागा लागते.

कोळसा जळल्यावर राख उरते. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला, की तीस-चाळीस टन राख शिल्लक. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. तिथली जी राख सिमेंट आणि विटांसाठी जात नाही, ती पाण्यात कालवून तळ्यात सोडली जाते.

नदीवर काय परिणाम होतो?

या भागात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ढिगाऱ्यावरची माती सैल असते आणि तिला धरून ठेवणारी मुळं नसतात. जोरदार सरीत ती घसरून आधी नाल्यात आणि मग नदीत येते.

यातून तीन गोष्टी होतात. पहिली, पात्र उथळ होतं. दुसरी, ढिगारा काठावरच असेल तर पुराचं पाणी पसरायची जागा अडते आणि ते समोरच्या काठावर किंवा वस्तीत शिरतं. चंद्रपुरात इरई आणि झरपट या दोन नद्या एकत्र येतात. त्यामुळे सखल वस्त्यांना पुराचा धोका असतोच. जुलै २०२२ मध्येही शहरातल्या अनेक घरांत पाणी शिरलं होतं. पुराला अतिवृष्टी, धरणातला विसर्ग आणि वर्धा नदीचा फुगवटा अशी इतर कारणंही असतात. पण पात्र अरुंद आणि उथळ झालं, की तेवढ्याच पाण्याने जास्त नुकसान होतं.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. राखेत आर्सेनिक, पारा, बोरॉन असे घटक असतात. तळ्याचा तळ पक्का नसेल तर ते भूजलात झिरपू शकतात. शिवाय गाळाने तळाशी थर बसला, की मासे अंडी घालतात ती जागा बुजते आणि मासेमारांचं उत्पन्न घटतं.

गडचिरोलीचा काय संबंध?

इरई वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. हीच प्राणहिता गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे वरचा गाळ खालच्यांच्या वाट्याला येतो. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड इथे लोहखनिज काढलं जातं. तिथेही उतारावरची लाल माती पावसात खालच्या शेतांत येण्याचा प्रश्न आहे.

वाघ ढिगाऱ्यांवर का येतात?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. पण वाघ नकाशावरची रेघ पाहून चालत नाहीत. जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ दाट माजते. त्या झुडपांत लपायला जागा मिळते, खड्ड्यांत साचलेलं पाणी असतं, तर वसाहतीच्या कचऱ्यावर रानडुकरं आणि कुत्री येतात. वाघ-बिबट्यांना आणखी काय हवं?

किंमत मात्र माणसं मोजतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा, तर दुर्गापूर भागात बिबट्याच्या हल्ल्यात एका मुलाचा मृत्यू झाला. या घटना लागोपाठ घडल्या होत्या.

नियम काय सांगतात?

कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदी आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली. खाण सुरू असतानाच टप्प्याटप्प्याने जमीन पूर्ववत करणं त्यात अपेक्षित आहे. वरची सुपीक माती वेगळी साठवणं, ढिगाऱ्याला पायऱ्या आणि सौम्य उतार देणं, भोवती चर खणून गाळ अडवणं, झाडं लावणं या अटी पर्यावरण मंजुरीत सहसा असतात. राखेबाबत ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर पूर्ण राख वापरण्याची जबाबदारी टाकली आहे.

उपायही माहितीचे आहेत: माती आणि राख कोळसा संपलेल्या खड्ड्यात परत भरणं, काठावरचे ढिगारे मागे हटवणं, वेड्या बाभळीऐवजी स्थानिक झाडं लावणं आणि वसाहतीतला कचरा रोज उचलणं.

तुम्ही काय पाहू शकता?

खाणीची पर्यावरण मंजुरी आणि तिचे सहामाही अनुपालन अहवाल सार्वजनिक असतात. आपल्या गावाजवळ ढिगारा असेल, तर मंजुरीतली अट आणि जागेवरची परिस्थिती ताडून पाहा. चर पावसाआधी साफ झाला का, एवढं विचारलं तरी सुरुवात होते. कारण पाऊस सुरू झाल्यावर ती माती अडवायला वेळ उरत नाही.