पानगळीची मोजदाद

आपल्याकडे बाळ जन्मले की पहिले काही आठवडे त्याला बाहेरच्यांच्या नजरेपासून जपतात. शेजारच्या हिंदू घरात बाळंतिणीचा सव्वा महिना असतो, आमच्या मुसलमान घरात चाळीस दिवसांचा चिल्ला असतो. नावे निराळी, पण खोली तीच. दारे-खिडक्या लोटलेली, शेगडीच्या उबेची, ओव्याच्या धुरीची. या प्रथेत माया आहे, थकलेल्या आईला विसावाही आहे. पण तिची एक दुसरी बाजू आहे. या दिवसांत जे मूल दगावते ते त्या बंद खोलीतच दगावते. पुष्कळदा त्याचे बारसे झालेले नसते, अकीका झालेला नसतो. ज्याला नावच नाही त्याची नोंद करायला कोण जाणार?

महाराष्ट्राच्या बालआरोग्य धोरणाचा गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहिला, तर तो बऱ्याच अंशी या नोंद न झालेल्या मुलांना सरकारच्या कागदावर आणण्याचा इतिहास आहे. योजना नंतर आल्या. आधी भांडण झाले ते मोजणीवरून.

या भांडणाची सुरुवात १९९२-९३ च्या सुमारास झाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात आदिवासी मुले मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. पाठोपाठ अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून, म्हणजे धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतून, तशाच बातम्या आल्या. मंत्र्यांचे दौरे झाले, विधिमंडळात गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. एरवी नकाशात शोधावी लागणारी ही नावे घरोघर पोहोचली.

मात्र सरकार आणि कार्यकर्ते यांच्यातला वाद एका शब्दावर येऊन अडत असे. कार्यकर्ते म्हणत, मुले कुपोषणाने मेली. अधिकारी म्हणत, नाही, न्यूमोनियाने मेली, हगवणीने मेली. कागदावर दोघांचेही खरे असू शकते. उपासाने खंगलेल्या मुलाला साधा आजारही झेपत नाही, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात लिहिला जातो तो शेवटचा आजार. भूक ही कारण म्हणून सहसा नोंदलीच जात नाही. ती सर्व कारणांच्या मागे उभी असते, पण सही कधी करत नाही.

दर पावसाळ्यात बातम्या येत, दर हिवाळ्यात विरत. हे चक्र मोडायला बातमीपेक्षा अधिक काही हवे होते. ते गडचिरोलीतून आले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली होती. गावागावांत जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवताना त्यांच्या लक्षात आले की वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी बहुतेक पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. म्हणजे नेमके त्या बंद खोलीत. बाळ दवाखान्यापर्यंत येतच नाही, तर दवाखाना बाळापर्यंत का जाऊ नये, असा तो साधा प्रश्न होता.

त्यांनी ३९ गावांत हे करून पाहिले. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन घ्यायचे, त्याला ऊबदार ठेवायचे, लवकर अंगावर पाजायला लावायचे, श्वास अडला तर पिशवी आणि मुखवट्याने तो सुरू करायचा, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची आणि वेळ पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे, असे त्यांचे काम होते. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, या कल्पनेने पुष्कळ डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. पण आकडे बोलले. या गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

धोरण बदलायला मात्र एका जिल्ह्याचा दाखला पुरत नाही. तो जिल्हा वेगळा आहे, तिथले डॉक्टर वेगळे आहेत, असे म्हणून मोकळे होता येते. म्हणून पुढचे पाऊल राज्यभराचे होते. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या १३ संस्था एकत्र आल्या आणि आपापल्या गावांत व झोपडपट्ट्यांत त्यांनी बालमृत्यू मोजले. या अहवालाचे नाव होते 'कोवळी पानगळ'. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यात दर वर्षी सुमारे पावणेदोन लाख मुले पाच वर्षांची होण्याआधी मरत असावीत, असा त्याचा अंदाज होता. सरकारी दप्तरात त्यातला लहानसा भागच दिसत होता.

कवितेच्या वाटेने चालणारा माणूस म्हणून मला या शीर्षकाचे वाटते ते सांगतो. पान पिकते, मग गळते. पानगळ हा शब्दच मुळी पिकलेपणाचा आहे. त्याला 'कोवळी' हे विशेषण लावले की भाषा स्वतःच अडखळते, आणि वाचणाराही थांबतो. आकडा अचूक होता, पण त्याला मंत्रालयाच्या पायऱ्या चढवून नेले ते या दोन शब्दांनीही.

सरकारने आधी आकड्यांवर शंका घेतली. तसे होणारच होते. पण २००३ च्या अखेरीस बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांनाच दिले. टीका करणाऱ्याच्या हाती मोजपट्टी देणे, ही आपल्या प्रशासनाच्या इतिहासातली छोटी गोष्ट नव्हे.

२००५ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. देशातले हे अशा प्रकारचे पहिले राज्यस्तरीय मिशन. सनदी अधिकारी व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख होते. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, दवाखाना आरोग्य खात्याचा, आणि मूल मात्र एकच, हा जुना घोळ सोडवण्यासाठी दोन्ही खात्यांना एका कामाला जुंपणे हा मिशनचा हेतू होता. दुसरा भर होता तो खऱ्या वजनावर. तीव्र कुपोषित मुलांचा आकडा वाढला की वरून जाब विचारला जाई, म्हणून खाली काटा हलका व्हायचा नाही. मूल कागदावर 'सर्वसाधारण' आणि खाटेवर निपचित! खरे लिहिणाऱ्या अंगणवाडीताईला शिक्षा नाही, हे सांगावे लागले, यातच सारे आले.

गडचिरोलीचा प्रयोगही पुढे देशाचा झाला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांनी पहिल्या बेचाळीस दिवसांत नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचे, ही राष्ट्रीय योजना झाली. चिल्ल्याच्या त्या खोलीचे दार असे धोरणाने उघडले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी दिवसातून एक चौरस ताजे जेवण देणारी योजना आणली. तिला नाव दिले ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे.

या साऱ्याचे फळ काय? नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्याचा अर्भक मृत्युदर २००० मध्ये हजारी ४८ होता, तो २०२० मध्ये १६ वर आला. या उतरत्या आकड्यामागे लसीकरण आहे, रस्ते आहेत, दवाखान्यातली बाळंतपणे आहेत, तशी ही भांडणेही आहेत.

पण दुसरा आकडा असा उतरत नाही. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे राज्यातले प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४६ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते ३४ झाले, आणि २०१९-२१ मध्ये ३५ वर अडले. म्हणजे मूल आता जगते, पण वाढत नाही. मरणारे मूल निदान बातमी होत असे. खुंटलेले मूल बातमी होत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ते वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाते, गावच्या अंगणवाडीच्या वहीतून निसटते, आणि परगावच्या वहीत त्याचे नाव सहसा चढत नाही.

म्हणून मला वाटते, हे काम संपलेले नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. आधी मरणाची मोजणी करायची होती, आता वाढीची करायची आहे. ती गावात करावी लागेल, तशीच फडावरच्या कोप्यांतही. मुलांना मत नसते, त्यांची संघटना नसते, त्यांचा मोर्चा निघत नाही. सरकारदरबारी त्यांच्यापाशी असते ते एवढेच : कुणीतरी प्रामाणिकपणे घेतलेले आपले वजन आणि वहीत लिहिलेले आपले नाव.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)