बॅटरीच्या उष्णतेचे गणित: एक छोटा इतिहास

आमच्या कुंभकोणममध्ये मे महिन्यात उन्हातून आलेली ई-स्कूटर लोक तशीच चार्जिंगला लावतात. आत काय घडते, याचा हिशेब कसा तयार झाला ते पाहा.

सोनीने लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आणली. त्याआधी, 1985 मध्येच, बर्नार्डी, पावलिकोव्स्की आणि न्यूमन यांनी सेलचे ऊर्जा-समीकरण मांडले होते. पाठ्यपुस्तकांत त्याची दोनच पदे उरतात: प्रवाह गुणिले व्होल्टतेतील तूट, ही उष्णता नेहमी सुटतेच, आणि एन्ट्रॉपीचे पद, ज्याचे चिन्ह चार्ज-डिस्चार्जनुसार उलटते.

मूळ समीकरणात मिश्रणाचे पदही आहे. परीक्षेपुरते ते गाळतात. मला हे पटत नाही. जोरात चार्ज करताना लिथियम कणांच्या पृष्ठभागाशी साचते आणि प्रवाह तोडल्यावर आत पसरत राहते. सेलची व्होल्टता त्यानंतरही सरकते ती बरीचशी यामुळेच. वस्तुमान संक्रमण उष्णतेला इथे भेटते.

1993 मध्ये डॉयल, फुलर आणि न्यूमन यांनी इलेक्ट्रोलाइट व कणांमधले विसरण एकत्र सोडवले, पण तापमान स्थिर धरून. 1995 मध्ये पाल्स आणि न्यूमन यांनी बदलते तापमान त्यात आणले.

मार्च 2022 मध्ये पुण्यात उभी ई-स्कूटर पेटली. त्याच सुमारास वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या धुराने बाप-लेकीचा जीव गेला. सप्टेंबरात एआयएस-156 मानकात दुरुस्ती झाली: एक सेल बिघडला तर आग शेजारच्या सेलांत पसरते का, याची चाचणी त्यात आहे.