दाव्यातला वाटेकरी

आज इंग्लंडच्या राजापासून सुरुवात करायची होती, पण आधी माझ्या आत्याबद्दल सांगतो.

आत्या इंदूरची. यजमान गेले आणि दिरांनी जमिनीवर तिचं नाव लागू दिलं नाही. हक्क स्पष्ट होता, पण हातात पैसा नव्हता. वकिलाची फी, कोर्ट फी, तारखांचे हेलपाटे, हे सगळं भागवायचं कशातून? अशात एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, "खर्च सगळा माझा. हरलात तर एक पैसा मागणार नाही. जिंकलात तर अर्धी जमीन माझी." आत्यानं माझ्या वडिलांना विचारलं, "दादा, हे नुसतं पाप आहे का गुन्हाही आहे?" वडील म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण ज्याच्या ताब्यात जमीन असते त्याला फार सोयीची पडते, असं माझं मत आहे. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला कुणी दिलं नाही. मला ते पुढे पुस्तकांत सापडलं.

इंग्लंडमध्ये हा खरोखरच गुन्हा होता. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा दाव्याला पैसा पुरवणं म्हणजे 'मेंटेनन्स', आणि वर त्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणं म्हणजे 'चॅम्पर्टी'. या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी शेताचा वाटा आहे. आपण अर्धेलीनं शेत लावतो ना, तसा अर्धेलीनं लावलेला दावा! १२७५ च्या कायद्यात राजाच्या अधिकाऱ्यांना अशा वाट्याची बंदी घातलेली दिसते. त्याला कारण होतं. बडे सरदार दुबळ्या माणसाचा हक्क नावापुरता विकत घेत आणि आपल्या वजनानं न्यायालय वाकवत. १७८७ मध्ये बेंथमनं स्पष्ट लिहिलं की ते सरदार गेले, ती न्यायालयं गेली, आता ही बंदी कशाला? तरी इंग्लंडनं तो गुन्हा पुस्तकातून काढायला १९६७ साल उजाडलं.

भारतात हा प्रश्न त्याच्या ९१ वर्षं आधी सुटला, आणि तोही लंडनमध्ये. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

बंगालमधल्या एका जमिनीवर मॅक्वीन दांपत्यानं हक्क सांगितला. म्हणणं असं की कागदावरचा मालक नावापुरता, खरे वारस आम्ही. जमीन होती कुंडू घराण्याकडे. त्यांनी ती कागदावरच्या मालकाकडून रीतसर विकत घेतलेली. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं कुंडूंच्या बाजूनं निकाल दिला. ज्याला खऱ्या मालकानं मालक म्हणून मिरवू दिलं, त्याच्याकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला संरक्षण, हे तत्त्व पुढे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४१व्या कलमात आलं.

पण जिंकलेल्या रामकुमार कुंडूंचा खर्च कोण भरून देणार? मॅक्वीनकडे काही नव्हतं. त्यांना पैसा पुरवला होता चंद्रकांत मुखर्जी यांनी, जिंकल्यास वाटा मिळेल या बोलीवर. तेव्हा कुंडूंनी मुखर्जींवरच दावा लावला. १८७६ मध्ये तो पुन्हा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला आणि कुंडू हरले. इंग्लंडचा तो कायदा भारतात लागू नाही, मुफसलात नाही आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांतही नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. ज्याचा हक्क खरा पण ज्याच्याकडे त्या मालमत्तेखेरीज काहीच नाही, त्याला कुणी रास्त मोबदल्यावर मदत केली तर ते न्यायाच्या कामीच येतं. मात्र असे करार डोळ्यांत तेल घालून तपासायचे. अटी गळेकापू असतील, दाव्याचा जुगार मांडला असेल, किंवा दुसऱ्याला छळायला खोटा दावा उभा केला असेल, तर करार लोकनीतीविरुद्ध. म्हणजे आत्याचा करार गुन्हा नव्हता. अर्धी जमीन गळेकापू की रास्त, ते प्रकरणागणिक ठरतं.

वकिलाला मात्र ही सवलत नाही. १९५४ मध्ये मुंबईच्या एका वकिलाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकालात त्यांचा उल्लेख फक्त 'जी' असा आहे. मिळेल त्यातला निम्मा हिस्सा फी म्हणून, असा त्यांचा करार होता. न्यायालय म्हणालं, सामान्य माणसानं केला असता तर हरकत नव्हती, पण वकिलानं केला तर ते व्यावसायिक गैरवर्तन. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, आणि २०१७ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं टक्केवारीची फी पुन्हा बेकायदा ठरवली. कारण साधं आहे. वकील न्यायालयाचाही माणूस. तो वाटेकरी झाला की पुरावा कोणत्या नजरेनं बघेल?

आणखी दोन कुंपणं आहेत. नुसता दावा लावण्याचा हक्क विकता येत नाही. आणि महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश इथं दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती आहे. खर्चासाठी वादीनं मालमत्तेतला हिस्सा कुणाला देऊ केला असेल, तर न्यायालय त्या माणसाला त्याच्या संमतीनं वादी करून घेऊ शकतं, त्याच्याकडून खर्चाचं तारण मागू शकतं. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. पडद्यामागच्या माणसाला तो उजेडात आणतो.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जाता जाता नोंदवलं की वकील नसलेल्या तिऱ्हाइतानं पैसा पुरवायला बंदी नाही. आणि २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे कुंडूंचाच प्रश्न नव्या कपड्यांत आला. लवादात हरलेल्या पक्षाचा खर्च त्याला पैसा पुरवणाऱ्याकडून वसूल करता येईल का? उत्तर आलं, तो लवादात पक्षकारच नव्हता, तर नाही. निधीवाल्यांना आनंद झाला असणार. मला मात्र रामकुमार कुंडू आठवत राहतात. दोनदा विलायतेपर्यंत गेलेला आणि स्वतःची काही चूक नसलेला माणूस.

आत्यानं सही केली. अर्ध्यावर नाही, तिसऱ्या हिश्शावर. अकरा वर्षांनी जिंकली, ठरलेला वाटा दिला, आणि त्या गृहस्थांबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. तिच्या पश्चात तो करार माझ्याकडे आला. परवा या भागासाठी तो काढला आणि पहिल्यांदाच मागची बाजू बघितली. तिथं स्टॅम्पपेपर विकत घेणाऱ्याचं नाव असतं. ते त्या गृहस्थांचं नव्हतं. आत्याच्याच वकिलाच्या कारकुनाचं होतं.