दोन यंत्रांमधला पत्रव्यवहार

मोबाईलवर उद्याच्या पावसाची चौकशी करताना आपण गावाचे नाव निवडतो आणि क्षणभरात उत्तर मिळते. हे उत्तर मोबाईलमध्ये साठवलेले नसते. मोबाईलमधला प्रोग्रॅम दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, विनंती पाठवतो आणि सर्व्हर उत्तर धाडतो. हे दोन प्रोग्रॅम बहुधा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या संगणकभाषांत लिहिलेले असतात. मग एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळते कसे? त्यासाठी दोघांनाही मान्य असा पत्राचा नमुना लागतो. आज असा सर्वाधिक परिचित नमुना आहे जेसन. तो घडला कसा, हे पाहिले की त्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते समजतात.

फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल या पद्धतीला मान्यता दिली. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर खुणेचे शब्द लिहायचे असतात. तिच्या आधारे एक्सएमएल-आरपीसी, सोप असे पत्रव्यवहाराचे प्रकार निघाले. ते काटेकोर होते, पण पुष्कळदा पत्रापेक्षा पाकीटच जड होई. शिवाय ते उघडून वाचायला बराच प्रोग्रॅम लिहावा लागे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांना सोपा मार्ग हवा होता. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ पासून होतीच. त्या भाषेत माहितीचा संच लिहिण्याची एक आटोपशीर रीत आहे. तीच रीत पत्रासाठी वापरली, तर ब्राउझरला ती वेगळी शिकवावी लागणार नव्हती. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी पहिला संदेश पाठवला आणि तो फसला! संदेशातल्या एका रकान्याचे नाव होते ‘डू’, म्हणजे ‘कर’. हा जावास्क्रिप्टचा राखीव शब्द असल्याने ब्राउझरला ती व्याकरणाची चूक वाटली. आता राखीव शब्दांची यादी सर्वांना पाठ करायला सांगायची काय? त्याऐवजी दोघांनी ठरवले की रकान्याचे प्रत्येक नाव अवतरणचिन्हांतच लिहायचे. आज नवशिक्याला जाचक वाटणारा हा नियम असा एका फजितीतून आला आहे.

नमुना असा दिसतो:

{"नाव": "सुमन", "इयत्ता": 8, "विषय": ["गणित", "विज्ञान"]}

महिरपी कंसात नावे आणि त्यांच्या किमती, मध्ये अपूर्णविराम. चौकटी कंसात यादी. मजकूर अवतरणचिन्हांत, संख्या त्यांच्याविना. येथे आठाचा अंक आम्ही मुद्दाम इंग्रजी वळणाचा छापला आहे. जेसनमध्ये संख्या त्याच अंकांत लिहावी लागते. मजकूर मात्र देवनागरीत खुशाल लिहावा. प्रत्यक्ष प्रवासात आपले प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइट्स व्यापते. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट्स.

हे पत्र पाठवताना वर पाकीटही लागते. ते काम एचटीटीपी करते. पाकिटावर सर्व्हरचा पत्ता, ‘माहिती पाठवत आहोत’ असे सांगणारा पोस्ट हा शब्द आणि ‘आतला मजकूर जेसन आहे’ अशी सूचना असते. ही सूचना विसरली, तर पत्र बिनचूक असूनही सर्व्हर ते नाकारू शकतो. उत्तराच्या पाकिटावर एक आकडा येतो: २०० म्हणजे काम झाले, ४०० म्हणजे विनंतीत दोष आहे, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही.

सुरुवातीला गिऱ्हाइके म्हणत, हे प्रमाणित नाही, आम्ही वापरणार नाही. तेव्हा २००२ मध्ये क्रॉकफर्ड यांनी नियम एका संकेतस्थळावर मांडले आणि हेच प्रमाण असे जाहीर केले. रीतसर दस्तऐवज २००६ मध्ये निघाला आणि २०१३ मध्ये एक्मा या संस्थेने जेसनला मानक म्हणून स्वीकारले. क्रॉकफर्ड म्हणतात की जेसन आपण निर्माण केले नाही, आपल्याला ते सापडले. जावास्क्रिप्टमध्ये ते आधीपासून होतेच.

या साधेपणाची किंमतही आहे. संख्या कितीही मोठी लिहिता येते, पण वाचणाऱ्याला ती पेलली पाहिजे. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्यांत सलग पूर्णांक २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, एवढ्यापर्यंतच अचूक राहतात. शेवटी ९९३ असलेली पुढची संख्या पाठवली, तर ब्राउझर ती ९९२ अशी वाचतो, आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. २०१० मध्ये ट्विटरवरील संदेशांचे क्रमांक ही मर्यादा ओलांडणार, हे दिसू लागले. तेव्हा त्या कंपनीने तोच क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून, आणखी एका रकान्यात देण्यास सुरुवात केली.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा: दूरध्वनी क्रमांकांची बेरीज कोणी करतो का? पिनकोडची सरासरी काढतो का? नाही. मग ते अंकांत लिहिलेले असले तरी संख्या नव्हेत. ती नावे आहेत, आणि नावे अवतरणचिन्हांत लिहावीत. नाहीतर सुरुवातीच्या शून्याचेही हाल होतात, कारण जेसनमध्ये 07 अशी संख्या लिहिताच येत नाही. शून्याने सुरू होणारा हजेरी क्रमांक संख्या म्हणून पाठवला, तर एक तर पत्र नाकारले जाईल किंवा शून्य गळून पडेल.

अवतरणचिन्ह कोठे द्यायचे, हा प्रश्न संगणकाचा वाटतो. पण त्याआधी समोरची गोष्ट मोजायची आहे की ओळखायची, हे आपण ठरवायचे असते. ते काम यंत्र आपल्यासाठी करत नाही.