क्लिकचा भाव कोण ठरवतो?

आपल्यातले अनेक तरुण आज स्वतःचे संकेतस्थळ चालवतात. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे खिशातून भरतात, नोकरी सांभाळून रात्री लेख लिहितात. मग कोणीतरी सल्ला देतो, 'जाहिराती लाव, क्लिकमागे पैसे मिळतात, खर्च सहज निघेल.' खरेच निघतो का? याचे उत्तर शोधायचे तर क्लिकचा इतिहास तपासावा लागतो, कारण हा भाव कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी ठरवला हे त्यातच दिसते.

सुरुवातीला इंटरनेटवरची जाहिरात ही भिंतीवरच्या फलकासारखी होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत 'हॉटवायर्ड'वर एटी अँड टी वगैरे कंपन्यांच्या पट्ट्या झळकल्या. जागा दिली की भाडे मिळे, मग कोणी बघो न बघो. १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपनीने याहूला अट घातली की आम्ही क्लिक झाला तरच पैसे देऊ. इथे काय घडले ते नीट पाहा. जाहिरात फसण्याची जोखीम तोवर जाहिरातदाराची होती, ती आता संकेतस्थळाच्या मालकावर आली. जागा त्याची, वाचक त्याचा, मेहनत त्याची; पण क्लिक झाला नाही तर हातात शून्य.

१९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने या क्लिकचा लिलाव मांडला. बोली एका सेंटपासून सुरू होई. त्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र उघड होती : कोणत्या जाहिरातदाराने किती बोली लावली हे निकालाशेजारीच छापलेले असे. पुढे गोटूचे नाव ओव्हर्चर झाले आणि २००३ मध्ये याहूने ती कंपनी सुमारे १६३ कोटी डॉलरना घेतली.

गूगलने फेब्रुवारी २००२ मध्ये हीच पद्धत आपल्या ॲडवर्ड्समध्ये आणली, पण दोन बदल करून. नुसत्या बोलीवर क्रम लागेना. जाहिरातीवर किती क्लिक होतात तेही मोजले जाऊ लागले. आणि बोली पडद्याआड गेली. ओव्हर्चरने पेटंटचा दावा लावला. २००४ मध्ये गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन तो मिटवला. दोन मोठ्यांचे भांडण वाटणीने मिटले.

छोट्या मालकाचा या खेळात प्रवेश झाला तो जून २००३ मध्ये, ॲडसेन्समुळे. कोणीही अर्ज करावा, कोडच्या चार ओळी पानावर चिकटवाव्यात आणि कमवावे. जाहिरात खात्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नव्हत्या. ही सोय खरी होती, ते नाकारण्याचे कारण नाही. पण जाहिरातदाराने दिलेल्या रुपयातले आपल्याला किती पैसे मिळतात, हे मालकाला मे २०१० पर्यंत अधिकृतपणे सांगितलेच गेले नाही. सात वर्षांनी कळले की पानावरच्या जाहिरातींत मालकाचा वाटा ६८ टक्के. शिवाय २००४ पासून आणखी एक नियम होता : ज्या पानावरचा क्लिक विक्रीत बदलण्याची शक्यता कमी, त्या क्लिकचा भाव गूगल आपोआप उतरवणार. ते ठरवणारे गणित पुन्हा त्यांचेच.

आता आपल्या भाषेकडे या. ॲडसेन्स आले २००३ मध्ये. हिंदीला त्यात जागा मिळाली २०१४ मध्ये आणि मराठीला २०१८ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षे मराठीत लिहिणाऱ्याला या बाजाराचे दार अधिकृतपणे बंद होते. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे नकारामागे माणूस होता, त्याला जाब विचारता येत होता. इथे नकार देणारी फक्त भाषांची यादी होती. दोन्ही नकार एकाच जातीचे नाहीत, पण धडा एकच आहे : दुसऱ्याच्या जागेवर आणि दुसऱ्याच्या अटीवर आपला आवाज उभा राहत नाही.

आता हिशेब मांडू. समजा, क्लिकचा भाव दोन रुपये आहे. तुमचे पान हजार वेळा उघडले आणि पाच क्लिक झाले. जाहिरातदाराने दिले दहा रुपये, तुमचा वाटा ६ रुपये ८० पैसे. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर त्यासाठी पान साडेबारा लाख वेळा उघडले गेले पाहिजे. उलट, वाचक मिळवण्यासाठी तुम्हीच जाहिरात दिली तर? त्याच दोन रुपयांच्या भावाने हजार वाचक आणायला दोन हजार रुपये लागतील. प्रत्येकाने तीन पाने वाचली तरी परत मिळतील २० रुपये ४० पैसे. ज्याच्याकडे विकायला महाग माल आहे त्याला हा खर्च परवडतो. ज्याच्याकडे विचार आहे त्याला नाही.

वरचे आकडे बघा. २००४ मध्ये गूगलच्या जाहिरात उत्पन्नापैकी जवळपास निम्मे इतरांच्या संकेतस्थळांवरून येत होते. २०२३ मध्ये हा वाटा सुमारे १३ टक्क्यांवर आला. गूगलला आपली गरज होती तेव्हा दार उघडले. आता स्वतःची दुकाने पुरेशी आहेत. २०२४ पासून तर ॲडसेन्सने मालकांना क्लिकऐवजी जाहिरात दाखवण्यामागे पैसे द्यायला सुरुवात केली. चक्र पुन्हा फलकाच्या भाड्यावर आले, फक्त भाडे ठरवणारा बदलला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने प्रकाशकांच्या जाहिरात बाजारात गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी केल्याचा निकाल दिला.

मग करायचे काय? इतिहासात याचेही उत्तर आहे. खोट्या क्लिकचे पैसे उकळल्याबद्दल जाहिरातदारांनी सामूहिक दावा लावला, तेव्हा २००६ मध्ये गूगलला ९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. खाती बंद करून कमाई रोखल्याबद्दल संकेतस्थळांच्या मालकांनीही २०१४ मध्ये असाच दावा लावला, तिथेही तडजोड झाली. एकट्याच्या तक्रारीला यंत्राचे उत्तर येते. एकत्र आलेल्यांना न्यायालयात यावे लागते.

जाहिराती लावू नका असे मी म्हणत नाही. होस्टिंगचा थोडा भार हलका होत असेल तर जरूर लावा. पण त्या भरवशावर संकेतस्थळ काढू नका आणि वाचक विकत घेण्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. दहा संकेतस्थळांनी मिळून एक होस्टिंग घ्यावे, वाचकांची यादी आपल्याकडे ठेवावी, वर्षाला पन्नास रुपये वर्गणी मागायला लाजू नये. वरच्या हिशेबाने पन्नास रुपये देणारा एक वाचक म्हणजे सात हजारांहून जास्त वेळा उघडलेले पान. तो वाचक आपला भाव स्वतः ठरवतो आणि आपल्याला जाबही विचारतो. क्लिक जाब विचारत नाही.